थंडी ओसरली, आता नर मासे सांभाळा

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली, की आपल्या नाशिककडे दुपारच्या वेळी हौदाचं पाणी हाताला कोमट लागू लागतं. रंगीत माशांचा जोडधंदा करणाऱ्यांसाठी हा जोड्या लावायचा काळ. थंडीभर तळाला निपचित राहिलेला नर आठवडाभरात कल्ले फुगवून हिंडायला लागतो. नेमकी याच वेळी निफाड, दिंडोरीकडे द्राक्षकाढणीची गडबड असते. टाक्यांकडे दिवसातून एखादीच फेरी होते आणि मारामारीत मासे जातात ते याच दिवसांत.

नर भांडतो तो जागेसाठी. मादी, घरटं, दगडाची कपार, जे त्याला आपलं वाटतं त्याच्या आसपास दुसरा नर त्याला दिसला नाही पाहिजे. म्हणून नुसती मोठी टाकी घेऊन भागत नाही. नर किती ठेवले, आडोसा किती दिला आणि कोणाला कधी बाहेर काढलं, यावर सगळं आहे.

सर्वांत जास्त जपावं लागतं फायटरला. हा मासा मूळचा थायलंडचा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी त्याची निवड झाली, त्यामुळे सवयीने तो निवळेल ही आशा सोडा. एका टाकीत दोन मोठे नर कधीच नकोत. नर वेगवेगळ्या जारमध्ये ठेवा आणि दोन जारमध्ये पुठ्ठा उभा करा. दिवसभर एकमेकांना बघत राहिले तर फुगून फुगून थकतात, खाणं सोडतात. रोज पाचेक मिनिटं पुठ्ठा काढायला हरकत नाही, नर चपळ राहतो.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे अंगावर घ्यावं लागतं. छोट्या जारचं पाणी या फरकाने लगेच गार पडतं. सगळे जार एका पसरट टबात पाण्यात उभे करा आणि त्या टबात एकच हीटर २७ अंशांवर लावा. खर्च कमी, तापमान सारखं.

जोडी लावण्याआधी आठ-दहा दिवस नर-मादी वेगळे ठेवून जिवंत खाद्य द्या. डासांच्या अळ्या, मोइना (पाण्यातले अगदी बारीक जीव) काहीही चालेल. टाकीत पाणी पाच-सहा इंचच ठेवा, हवेचा पंप जोरात नको, नाहीतर फेसाचं घरटं मोडतं. वर काच झाका. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात देशी बदामाचं झाड असतंच. त्याचं गळून वाळलेलं पान धुऊन पाण्यावर सोडलं की नर त्याच्याखाली घरटं बांधतो.

आधी नर सोडा. मादी मात्र तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत, त्याच टाकीत, एक दिवस त्याच्या नजरेसमोर ठेवा. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले, पोट भरलेलं दिसलं, पोटाखाली पांढरा ठिपका दिसला आणि घरटं तयार असलं, तरच बाटली उचला. तीही सकाळी, आपण समोर असताना. मी एकदा घाईत रात्री मादी सोडून घरी गेलो. सकाळी ती हायड्रिला या पाणवनस्पतीच्या मुळाशी पडलेली होती, शेपटीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. तेव्हापासून टाकीच्या एका बाजूला झाडपाला दाट भरल्याशिवाय मी मादी सोडत नाही.

अंडी टाकून झाली की नर मादीला घरट्यापासून हाकलतो. ती लगेच काढायची. पुढे अंडी नर सांभाळतो, खाली पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात उचलून फेसात ठेवतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात, आणखी दोन-तीन दिवसांनी आडवी पोहायला लागतात. तेव्हा नरही काढा, नाहीतर पिल्लं खाऊन टाकेल.

बरेच जण सगळ्यात मारकुटा नर पैदाशीला ठेवतात. मला हे पटत नाही. ज्याने दोन माद्या फाडल्या, त्याला तिसरी देऊ नका. रंग चांगला, घरटं भक्कम आणि मादीला थोडी उसंत देणारा नर निवडा.

सोर्डटेल माशांमध्ये दोन नर ही सर्वांत वाईट संख्या. ताकदवान नर दुसऱ्याचा दिवसभर पाठलाग करतो, बिचारा खाद्यालाही वर येत नाही. एकतर एकच नर ठेवा किंवा मोठ्या हौदात पाच-सहा, म्हणजे पाठलाग वाटला जातो. दर नरामागे तीन माद्या हव्यात. गप्पीलाही तेच प्रमाण चालतं.

आफ्रिकेतल्या मलावी तलावातले सिक्लिड मासे दगड धरून बसतात. एक नर, तीन-चार माद्या, आणि दगड असे रचा की एका टोकावरून दुसरं टोक दिसू नये. नवा मासा सोडायचा असेल तर दिवा बंद करून आधी दगड हलवा. जुन्या नराची हद्दच मोडते, तो पुन्हा जागा शोधण्यात गुंततो.

फाटलेले पर स्वच्छ, कोमट पाण्यात आपोआप भरतात. जखमी मासा वेगळा काढा, दहा लिटरला दहा ग्रॅम जाडं मीठ टाका, एक दिवसाआड थोडं पाणी बदला. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी आहे, तेव्हा औषध करावं लागेल. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवूनच वापरा. आणि बागेत फवारणी करून आलेला हात टाकीत घालू नका. मोरचूद काय, सायपरमेथ्रिन काय, माशाला थोडंही बाधतं.

आता लावलेल्या फायटरच्या जोड्यांची पिल्लं मे अखेरीस तीन महिन्यांची होतील. नर पिल्लं एकमेकांचे पर कुरतडायला लागली की त्याच दिवशी वेगळी करावी लागतात. एका विणीतून शंभरावर पिल्लं सहज मिळतात. तेवढे जार आतापासून जमवून, धुऊन ठेवा.