गुळगुळीत झालेलं नाणं कसं वाचावं

परदेशी किरकोळ नाण्यांचा ढीग समोर आला की बहुतेकांचा हात चकचकीत नाण्याकडे जातो. माझा गुळगुळीत नाण्याकडे जातो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ब्राँझच्या पेनी ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकातही सुट्ट्या पैशांत सापडायच्या. इतकी वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यावर राणीची फक्त सावली उरते, आणि त्या सावलीवरून राणी ओळखण्यात जो आनंद आहे तो कोऱ्या नाण्यात मला कधीच मिळाला नाही. शिवाय अशा नाण्याला कोणी किंमत देत नाही, म्हणून ते बिनधास्त हाताळता येतं.

भिंग, व्यास मोजायला कॅलिपर, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, लोहचुंबक आणि टॉर्च एवढं जवळ ठेवा.

मळ असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. घासू नका. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. असं काही लावायचा सल्ला देणाऱ्यांनी जितकी नाणी बिघडवली तितकी वापरानेही बिघडली नसतील.

मग चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद किंवा शुद्ध निकेल. अमेरिकेचा १९४३चा एक सेंट असाच पटकन ओळखू येतो, कारण युद्धासाठी तांबं वाचवायला त्या वर्षी तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला होता.

आता खरं अवघड काम. माझी सगळ्यात जास्त फसगत इथे झाली.

माझ्याकडे ब्राँझचं एक मोठं नाणं होतं, दोन्ही बाजूंनी जवळजवळ सपाट. वजन भरलं ९.४ ग्रॅम. नाण्यांच्या मापांच्या तक्त्यात पाहिलं तर पेनीचं वजन ९.४ ग्रॅम. झालं, पेनी म्हणून पाकिटावर लिहून मोकळा झालो. कित्येक महिन्यांनी कॅलिपर लावला तर व्यास ३० मिमी भरला, आणि पेनी असते ३०.८ मिमीची. ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळातलं फ्रान्सचं १० सेंटिमचं नाणं होतं. पाडलं तेव्हा पुरतं १० ग्रॅमचं, झिजून पेनीच्या वजनाला आलेलं. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: व्यासावर विश्वास ठेवा, वजनात सूट द्या. झीज मुख्यतः दोन्ही तोंडांवर होते, व्यास फारसा घटत नाही. त्यामुळे हातातल्या झिजलेल्या नाण्याचं मूळ वजन काट्यावरच्या आकड्यापेक्षा जास्तच असणार. तक्त्यात तोच आकडा शोधत बसलात तर चुकीच्या देशात पोहोचाल.

दुसरी खूण आहे फिरण्याची. नाणं डोकं वर करून धरा आणि उभ्या अक्षावर, म्हणजे पुस्तकाचं पान उलटावं तसं, उलटा. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश नाण्याची मागची बाजूही सरळ दिसते. फ्रान्सच्या फ्रँक-सेंटिमच्या किंवा अमेरिकेच्या नाण्याची मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. दोन्ही बाजूंना काही रेषा उरल्या असतील तर एवढ्यावरून निम्मे देश बाद होतात.

मग उजेड. छताचा दिवा, फ्लॅश आणि स्कॅनर इथे कुचकामी आहेत, कारण समोरून पडणारा उजेड उरलासुरला उठाव पुसून टाकतो. खोलीत अंधार करा, नाणं काळ्या कागदावर ठेवा आणि टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. टॉर्च हलवू नका, नाणं सावकाश फिरवा. एका कोनात काहीच दिसत नाही आणि थोडं फिरवलं की अचानक नाक-हनुवटीची कड उजळते. पूर्ण फेरी होईपर्यंत धीर सोडू नका. मी घाईने दोनदा टॉर्च इकडेतिकडे फिरवून ते फ्रेंच नाणं कोरं ठरवलं होतं. नीट फिरवल्यावर मागच्या बाजूला गरुडाचा पंख दिसला.

गाल आणि कानावरचे केस आधी जातात, ते शोधू नका. मानेखालची खोबण, अक्षरांमधल्या खाचा आणि चेहऱ्याची बाह्यरेषा सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. तिसऱ्या नेपोलियनच्या डोक्यावर पानांची माळ नसेल तर ते नाणं १८५०च्या दशकातलं, माळ असेल तर १८६०च्या दशकातलं. इतकं कळलं तरी वर्षाचा अंक न दिसल्याचं दुःख उरत नाही.

अंक दिसावा म्हणून आम्ल लावू नका. १९१३ ते १९३८ या काळातल्या अमेरिकेच्या ‘बफेलो निकेल’ या पाच सेंटच्या नाण्यावर वर्ष नेमकं उंचवट्यावर होतं, म्हणून ते लवकर झिजतं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की अंक वर येतो खरा, पण त्या जागी कायमचा खडबडीत डाग पडतो. मी एकदा केलंय. ते नाणं पाहिलं की आजही वाईट वाटतं.

भोक पडलेलं नाणं टाकून देऊ नका. ब्रिटिश भारतातल्या १९४३च्या एका पैशासारखं भोक मुळातलं असेल, तर त्याला नीट काठ असतो आणि नक्षी त्याच्याभोवती बेतलेली असते. नंतर पाडलेलं भोक नक्षी कापत जातं, आणि खिळ्याने ठोकलेलं असेल तर एका बाजूला धातू फाटून वर येतो. कोणीतरी ते गळ्यात घातलेलं असू शकतं. मुद्दाम ठोकलेली अक्षरं तर जपायलाच हवीत. १९०३च्या एका पेनीवर राजा सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावर ‘स्त्रियांना मताधिकार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले आहेत, आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ठेवायला कागदी पाकिटं घ्या. पीव्हीसीचे मऊ कप्पे नकोत, त्यांतून चिकट हिरवा थर सुटतो. पाकिटावर व्यास, वजन आणि ओळख लिहा, पण ओळख पेन्सिलीने. फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसणारं नाणं लगेच वेगळं करून कोरड्या जागी ठेवा. ते ठिपके नाणं आतून खात असतात.