गिटारसाठी स्वस्तातला कॉम्प्रेसर पेडल घेतलाय? मग आधी एवढं करा

कॉम्प्रेसर म्हणजे जोरात वाजलेलं दाबायचं आणि हळू वाजलेलं वर आणायचं, एवढंच. डायना कॉम्पसारख्या पेडलला दोनच नॉब असतात, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी, नवशिक्याला तेवढे बास.

सुरुवात अशी करा, सस्टेन किंवा सेन्सिटिव्हिटी (आवाज किती दाबायचा ते ठरवणारा नॉब) पार खाली, मग एकच कॉर्ड वाजवत हळूहळू वाढवा, नोट संपताना मागून सूंऽऽ असा आवाज वर यायला लागला की थोडं मागे या. नंतर लेव्हल (म्हणजेच आउटपुट) अशी लावा की पेडल चालू-बंद केलं तरी आवाज तेवढाच राहील, नाहीतर नुसतं मोठं ऐकू येतंय म्हणून भारी वाटतं (मी महिनाभर याच भ्रमात होतो!). अटॅकचा (दाबायला किती पटकन सुरुवात होते त्याचा) वेगळा नॉब असेल तर पिकचा टक् ऐकू येईपर्यंत फिरवा.

बेसवाल्यांनी मात्र ब्लेंड नॉब असलेलाच बघा, खालची ई तार साधारण ४१ हर्ट्झची, ती कॉम्प्रेसरला आधी ढकलते आणि सगळा आवाजच दबतो, ब्लेंडने थोडा कोरा सिग्नल मिसळता येतो.

पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी लावा, नंतर लावलं तर घरघरही वर येते. आणि अॅडाप्टर ९ व्होल्ट, मधे निगेटिव्ह आहे ना ते बघूनच पिन घाला.