साइट चालू आहे, पण चौकशी पोचते का? वेबसाइटच्या सीएमएसबाबत या चुका टाळा

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका उद्योजकाने मला बोलावलं ते नव्या मशीनचे फोटो साइटवर चढवायला. काम चालू असताना ते सहज म्हणाले, "भाऊ, सहा-सात महिने झाले, साइटवरून एक चौकशी नाही. मंदीच आहे सगळीकडे." मी त्यांच्यासमोरच माझ्या मोबाइलवरून चौकशीचा फॉर्म भरला. 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' अशी ओळ आली. त्यांच्या मेलमध्ये मात्र काहीच नाही, स्पॅममध्येही नाही. मग फॉर्मच्या प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या प्रोग्राममध्ये, जाऊन जुन्या नोंदी उघडल्या. चाळीसच्या वर चौकश्या तिथे पडून होत्या. पुणे, राजकोट, कोइमतूर, दोन परदेशातल्या. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं हेच काम करतो, आणि सगळ्या चुकांचं मूळ मला एकाच जागी दिसतं. वेबसाइटचं काम वाढलं, तिच्याकडे बघण्याची आपली नजर तीच राहिली. वर्डप्रेस २००३ मध्ये ब्लॉग लिहिण्यासाठी निघालं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून जास्त त्यावर चालतात. जूमला आणि ड्रुपलही आहेत. साइटवरचा मजकूर, फोटो चढवायची-बदलायची सोय देणाऱ्या अशा प्रणालीला सीएमएस म्हणतात. या सीएमएसमध्ये आता मालाचा कॅटलॉग असतो, दरपत्रक असतं, ऑर्डर आणि पेमेंट असतं, नोकरीचे अर्ज येतात, निर्यातदारांची प्रमाणपत्रं असतात. म्हणजे दुकानावरची पाटी होती तिची पेढी झाली. तरी कित्येक मालक तिला पाटीच समजतात: एकदा रंगवली की पाच वर्षं बघायला नको.

चौकशी कुठे अडकते

साइट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्या सर्व्हरच्या साध्या मेल सोयीने वर्डप्रेस मुळात पत्र पाठवतं. जीमेलसारख्या सेवांना अशा पत्राची ओळख पटत नाही. त्यात अनेक फॉर्मची मांडणी अशी असते की पाठवणारा म्हणून ग्राहकाचाच पत्ता लावला जातो. तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेल पत्त्याने पत्र पाठवतोय म्हटल्यावर समोरची यंत्रणा त्याला तोतया ठरवते. कधी स्पॅममध्ये टाकते, कधी दारातूनच परत पाठवते. २०२४ पासून गूगलचे याबाबतचे नियम आणखी कडक झाले आहेत.

उपाय अवघड नाही. एसएमटीपीचं, म्हणजे रीतसर मेल खात्यात लॉगिन करून पत्र पाठवणारं, प्लगइन बसवा आणि तुमच्याच डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, मेल खात्यातून पत्र जाऊ द्या. 'पाठवणारा' तुमचा पत्ता, 'उत्तर कुणाला' या रकान्यात ग्राहकाचा पत्ता. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची नोंदवही) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करा; पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे त्या पटवून देतात. मेलसेवा देणारी कंपनी त्या ओळी तयार देते, फक्त चिकटवायच्या असतात. फॉर्मच्या नोंदी साइटवरही साठतील अशी सोय ठेवा. अंबडचे ते मालक वाचले ते एवढ्यामुळेच. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुणीतरी बाहेरच्या मोबाइलवरून फॉर्म भरून बघावा. दोन मिनिटांचं काम आहे.

डोमेन कुणाच्या नावावर?

हा प्रश्न मी नव्या ग्राहकाला सगळ्यात आधी विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर येतं, "तो पोरगा बघायचा." पोरगा आता बंगळुरूला असतो, नंबर बदललेला. डोमेन त्याच्या खात्यात, नूतनीकरणाची आठवण त्याच्या मेलवर. कॉलेज रोडवरच्या एका क्लासची साइट ऐन प्रवेशाच्या दिवसांत बंद पडली ती अशीच. डोमेनची मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या दरात ते परत घेता येतं, नंतर मोठा दंड लागतो, आणि त्यापुढे ते कुणालाही विकत घेता येतं. शाळेच्या दाखल्यावर, माहितीपत्रकांवर, रिक्षांच्या पाठीवर छापलेला पत्ता दुसऱ्याचा होतो.

डोमेनचं खातं, होस्टिंगचं (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचं) खातं आणि सीएमएसचं मुख्य प्रशासक खातं, या तिन्हींवर मालकाचा स्वतःचा मेल आणि मोबाइल हवा. डेव्हलपरला वेगळं खातं द्या. आधीच अडकला असाल तर डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदलंय ते हूइज या डोमेनची माहिती देणाऱ्या शोधात दिसतं. संस्थेची कागदपत्रं आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन त्या कंपनीकडे अर्ज करा. डोमेन चालू आहे तोवरच हे करा, मुदत संपल्यावर धावाधाव करून उपयोग कमी.

मराठीचे घोळ

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक लेखांत हे सापडत नाही आणि आपल्याकडे रोज घडतं.

पहिला घोळ जुन्या फॉन्टचा. छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतो. या फॉन्टांत आत साठलेली अक्षरं रोमन असतात, त्यांना फक्त मराठी रूप चढवलेलं असतं. साइटवर चिकटवलं की रूप गळतं आणि अगम्य चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसणारी अक्षरं, करून घ्या, पण तिथेच थांबू नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' मधला र हमखास बिघडतो. 'शेतकऱ्यांसाठी'चं 'शेतकर्यांसाठी' झालेलं मी मोठमोठ्या साइटींवर बघितलंय. माणसाने वाचल्याशिवाय तो मजकूर जाऊ देऊ नका.

दुसरा घोळ पानाच्या पत्त्याचा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. आत मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांत लिहिलं जातं, आणि या पत्त्याला डेटाबेसमध्ये जागा २०० अक्षरांची. हिशेब करा: काना, मात्रा, अनुस्वार धरून जेमतेम बावीस चिन्हं बसतात, पुढचं तुटतं. 'द्राक्ष निर्यातीसाठी लागणारी कागदपत्रे' हा पत्ता मध्येच कापला जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवला तर अनेकदा टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि लोक फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. पान प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीतले दोन-तीन शब्द स्वतः लिहा. जुन्या पानांचा पत्ता बदलणार असाल तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमची वळवणूक) लावा, नाहीतर गूगलवरून येणारा माणूस रिकाम्या पानावर आदळतो.

तिसरा घोळ थीमचा, म्हणजे साइटच्या तयार रूपरंगाचा. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मथळ्याच्या अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. ओळीची उंची कमी असली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. अक्षरांमधली जागा शून्य करा, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, मुक्ता किंवा बालू असा देवनागरी फॉन्ट लावा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने बनवलेले हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत.

आणि एक विनंती. कोरलड्रॉमध्ये केलेला बॅनर तसाच्या तसा साइटवर चढवू नका. चित्रातली मराठी गूगलवर सापडण्याची खात्री नसते आणि मोबाइलवर ती वाचता येत नाही. येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्याच्या साइटवर दर, पदराचे प्रकार, पत्ता, सगळं चित्रांत होतं. तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप केला, एवढंच.

अपडेट, फुकटच्या थीम आणि 'जपानी' पानं

"चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा?" हे मी खूप ऐकतो. २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती काढून एक मोठं भोक बुजवलं. काही दिवसांतच, अपडेट न केलेल्या साइटींवरची दहा लाखांहून अधिक पानं विद्रूप केली गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलच्या सुरक्षा गटाने तर सांगितलं होतं की सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटलीच असं धरून चाला. हे हल्ले यंत्रं करतात. साइट सातपूरची आहे की सिंगापूरची, यंत्राला फरक नाही.

पैशाची थीम कुठूनतरी फुकट उतरवून वापरणं ही याच्याही पुढची चूक. तिच्यात बहुतेकदा चोरदरवाजा ठेवलेला असतो. लक्षण ओळखायचं असेल तर गूगलमध्ये साइट हा शब्द रोमन लिपीत, मग कोलन आणि लगेच आपलं डोमेन टाकून शोधा. आपण कधीही न लिहिलेली जपानी अक्षरांतली पानं दिसली तर साइट फुटलेली आहे. फक्त ती पानं पुसून भागत नाही. अनोळखी प्रशासक खाती काढा, सगळे पासवर्ड बदला, सीएमएस, थीम, प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्याने बसवा, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी (प्रोग्रामची) फाइल दडलेली आहे का ते बघा, मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पुनर्तपासणी मागा.

माझे द्राक्ष निर्यात करणारे ग्राहक पिंपळगाव, दिंडोरीकडचे. त्यांच्या मोठ्या अपडेट मी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास करून टाकतो. जानेवारी ते एप्रिल हंगामात साइटला हात लावायचा तो फक्त सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी. ऑक्टोबरच्या त्या कामातच नको असलेली प्लगइनंही छाटतो. नुसती बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. आणि प्रमाणपत्रं बघतो: ग्लोबल गॅपच्या (चांगल्या शेतीपद्धतीच्या) प्रमाणपत्राची मुदत वर्षाची असते. युरोपातला खरेदीदार साइटवर गेल्या हंगामाचा कागद बघतो तेव्हा तो फोन करून विचारत बसत नाही.

पांढरा पडदा आला तर

अपडेटनंतर साइट पांढरी पडली तर घाबरून सगळं पुसू नका. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या मेलवर दुरुस्तीची लिंक पाठवतं. तो मेल जुन्या डेव्हलपरचा असेल तर लिंकही त्यालाच जाते. लिंक नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइनं बंद होतात आणि साइट उठते का ते कळतं. उठली, तर नाव पूर्ववत करून एकेक चालू करत दोषी शोधा. 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असा संदेश असेल तर दुखणं वेगळं: डेटाबेसचा पासवर्ड बदललाय किंवा होस्टिंगकडेच अडचण आहे.

साइट उठूनही गूगलवर सापडत नसेल, तर सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावरची सर्च इंजिनांना मनाई करणारी चौकट बघा. साइट बनवताना तिथे टिक केलेली असते आणि काढायची राहते.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणारे भेटतात तेव्हा मला गोदाकाठ आठवतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागायला लागलं की काठावरचे दुकानदार माल वर, दुसरीकडे हलवतात, त्याच ओट्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवत नाहीत. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, आणि सहा महिन्यांतून एकदा ती खरंच उघडते का ते करून बघायला हवं.

एक पासवर्ड, अख्खं ऑफिस

प्रत्येकाला वेगळं खातं आणि कामापुरतेच अधिकार द्या: लेख चढवणाऱ्याला ऑथर, तपासणाऱ्याला एडिटर, प्रशासक एक किंवा दोन. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी खातं बंद. यात आणखी सांगण्यासारखं काही नाही, तरी हे क्वचितच कुठे होतं.

सिंहस्थाची घाई

पंचवटीतली लॉज, होमस्टे, गाड्या देणारे, सगळे आता २०२७ च्या सिंहस्थासाठी साइट करून मागताहेत. मागचा सिंहस्थ २०१५ चा, तेव्हा लोक फोन करायचे. आता ते मोबाइलवर बघूनच ठरवणार, तेही गर्दीत, रडतखडत चालणाऱ्या नेटवर. मोबाइलने काढलेले पाच-सहा एमबीचे फोटो तसेच चढवू नका, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात लहान करून घ्या. कॅशिंग लावा, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून लगेच दाखवली जाते. दर आणि रद्द करण्याचे नियम एकाच पानावर ठेवा, तीन ठिकाणी लिहिले की दोन ठिकाणचे जुने राहतात. पाहुण्यांच्या आधार कार्डाचे फोटो साइटच्या फॉर्ममधून मागवणाऱ्या दोघा-तिघांना मी ते बंद करायला लावलं. ते फोटो अपलोडच्या फोल्डरमध्ये पडतात, आणि नीट बंदोबस्त नसेल तर लिंक असलेल्या कुणालाही उघडता येतात. ओळखपत्र खोली देताना काउंटरवर बघा.