ऊसबिल जमा झालं की हात आवरायचा कसा

कारखान्याकडनं उसाचं बिल खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की पहिले आठ दिवस काही म्हणजे काहीच घ्यायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी निम्मं काम झालं. अनुभवावरून सांगतेय. आमचं रान पलूसकडं, आम्ही दोघं नोकरीसाठी सांगलीत. दोन वर्षांमागं पहिला हप्ता पडला, आम्ही मिक्सरचं भांडं बदलायला विश्रामबागला गेलो आणि 55 इंची टीव्ही बुक करून आलो, मग त्याला जुनं टेबल शोभेना म्हणून युनिट केलं, युनिट आलं तर पडदे जुने दिसायला लागले, आणि जुलैत आडसाली उसाच्या लागणीच्या खताला दिरांकडून हातउसने घ्यावे लागले. ती वेळ कुणावर येऊ नये.

पगाराचे दहा हजार आपण जपून वापरतो आणि बिलाचे दहा हजार सुटतात, असं का होतं? रिचर्ड थेलर म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, 2017 चं नोबेल मिळालेले, त्यांनी हेच मांडलंय की माणूस मनात पैशाचे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्याला वेगळा नियम लावतो. पगार घरखर्चाचा, आणि बिल, हळद विकल्याची पट्टी, बोनस हा सगळा ‘वरचा’ पैसा. पण विचार करा, आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो, मग तो वरचा पैसा कसा? तो दीड वर्षाचा पगार आहे, फक्त एकदम आलेला.

म्हणून वाटणी बिल यायच्या आधी करायची, आल्यावर नाही, कारण आल्यावर डोकं जाग्यावर नसतं. सोसायटीच्या पीककर्जाची कपात होऊन हातात किती पडेल ते काढा, त्यातनं खत-औषध, मशागत, पोरांची फी, विमा बाजूला करा, उरेल त्याला पुढच्या बिलापर्यंतच्या महिन्यांनी भागा. जो आकडा येईल तेवढाच दरमहा तुमचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या खात्याला फोनवरचं पेमेंट जोडलंय त्यात फक्त चालू महिन्याचे पैसे ठेवा, बाकी दुसऱ्या खात्यात, त्याचं कार्ड कपाटात. बँकेत जायचा कंटाळाच इथं आपल्या कामाला येतो.

दुसरं म्हणजे रात्रीचा फोन. दिवसभर दमून साडेदहाला अंथरुणात पडलो की बोट आपोआप ऑनलाइन सेलवर जातं. मेंदूतलं डोपामिन वस्तू मिळण्याआधीच, मिळणार या ओढीनंच कामाला लागतं, म्हणून पार्सल येईपर्यंत मजा वाटते आणि उघडलं की दोन दिवसांत ती वस्तू कपाटात जाते. इच्छा दाबायची गरज नाही, वहीत लिहायची, तारीख आणि किंमत टाकून. साधी वस्तू असेल तर आठ दिवस, पाच हजाराच्या वर असेल तर महिना थांबायचं. महिन्यानं वही उघडली तेव्हा निम्म्या गोष्टी मला का हव्या होत्या हेच आठवत नव्हतं. उरलेल्या मात्र बिनधास्त घेतल्या.

‘फक्त 2 शिल्लक’, ‘10 मिनिटांत ऑफर संपणार’ याला घाबरू नका. खोटी घाई दाखवणं, न सांगता कार्टमध्ये वस्तू घुसवणं असे 13 प्रकार केंद्र सरकारनं 2023 मध्ये नियम काढून बंद केलेत, कुणी फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करता येतो. आणि ॲपमध्ये सेव्ह केलेला कार्ड नंबर आजच काढून टाका. प्रेलेक आणि सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मॅचच्या तिकिटांचा लिलाव करून बघितला होता, 2001 मध्ये छापून आला तो अभ्यास, कार्डानं पैसे देणाऱ्यांनी रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त बोली लावली. नोट हातातनं जाताना जाणवते, नंबर जाताना नाही. आम्ही किराणा गणपती पेठेतनं रोखीनंच आणतो, पाकिटात मोजून.

क्रेडिट कार्डाचं एक गणित करूनच बघा. 20 हजार बिल, तुम्ही कमीत कमी रक्कम म्हणून 5 टक्के, म्हणजे हजार रुपये भरले. उरले 19 हजार. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, ते झालं 665, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 785. म्हणजे हजार भरूनसुद्धा देणं कमी झालं जेमतेम 215 रुपयांनी! पूर्ण भरता येत नसेल तर ते कार्ड वापरूच नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

खरी अवघड गोष्ट भावकीची. चुलत्यांनी गाडी घेतली की आपल्याकडं जुनी का, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी आता ‘यंदा नाही, पुढच्या बिलाला बघू’ एवढंच म्हणते, पुढचं काही सांगत बसत नाही, विषय तिथंच मिटतो.

सगळं बंद मात्र करू नका, मग एक दिवस बांध फुटतो. आम्ही दोघांनी महिन्याला हजार-हजार ठेवलेत, त्याचा हिशोब एकमेकांना विचारायचा नाही. दोन हजाराच्या वरचं काही असलं तर मात्र दुसऱ्याला विचारून. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं, घरातल्या घरात कसलं विचारायचं म्हणायच्या. आता गावाकडनं त्यांचाच फोन येतो, तुझ्या वहीत माझी पितळी परात लिहून ठेव म्हणून.