जुनं जहाज ध्रुवाकडे न्यायचं तर

उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता सांगलीत स्थायिक झालोय. किर्लोस्करवाडीकडची शिकाऊ पोरं विचारतात, "काका, मासेमारीचा जुना ट्रॉलर प्रवासी घेऊन अंटार्क्टिकाला नेता येईल?" येईल. पण केबिनचं शेवटी बघा, आधी पत्रा.

जहाज गोदीत घ्या, रंग खरवडा आणि पाणरेषेजवळची जाडी अल्ट्रासॉनिक गेजनं वीतवीतभर मोजा. झिजलेला पत्रा कापूनच काढा, वरून ठिगळ मारू देऊ नका.

मग सी-चेस्ट. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी याच पेटीतून ओढलं जातं. तिच्या जाळीवर बर्फाचा चुरा बसला की पंप कोरडा पडतो, इंजिन तापतं, आणि तेही भर बर्फात! म्हणून इंजिनातून बाहेर पडणारं गरम पाणी परत पेटीत सोडणारी लाइन टाकाच. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच.

डेकवर बर्फ साचून जहाज डोईजड होतं. २०१७ पासून लागू असलेल्या पोलर कोडप्रमाणे (ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम) उघड्या डेकवर चौरस मीटरला ३० किलो बर्फ धरून तोलाचं गणित करा. अंटार्क्टिकात जड इंधन तेल २०११ पासून बंद आहे. टाक्या धुऊन डिझेल भरा. लाइफबोट झाकलेली हवी, तग धरायची सोय किमान ५ दिवसांची.

किनाऱ्यावर एका वेळी १०० प्रवाशांपेक्षा जास्त उतरवता येत नाहीत, बंक (झोपायच्या फळ्या) त्या हिशेबानं बसवा.