‘मला ३६च होते’: ब्रा आणि केसांच्या बाबतीत या चुका टाळा

माझ्या ओळखीतल्या बायकांना चपलेचा नंबर पाठ असतो, गॅसचा सिलेंडर कधी लावला ती तारीख पाठ असते, ब्राचा नंबर मात्र कॉलेजात असताना दुकानदाराने जो सांगितला तोच अजून चालू. मग मला मेसेज येतात, पट्टा उतरतो, वायर टोचते, कुठल्या कंपनीची घेऊ? कंपनीचं नंतर बघू गं, आधी टेप काढ.

दुकानदाराच्या नजरेवर भरवसा ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक आणि हिच्यावर मी बोलणारच. मी ११ वर्षं ३६ बी घातली. तुळशीबागेतल्या एका दुकानात काउंटरपलीकडच्या काकांनी एकदा वरखाली बघितलं, ‘३६ बी’ म्हणून खोका काढला, आईने पैसे दिले, कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, विषय संपला. ट्रायल कसली, तिथे मोठ्याने बोलायची चोरी. पुढे मामेबहिणीच्या लग्नात मागे खोल गळ्याचा ब्लाउज शिवला आणि अक्षता पडायच्या आधीच मागची पट्टी वर सरकून गळ्यातून डोकवायला लागली, मी खाली ओढायची, दहा मिनिटांत परत वर, आत्या पिना घेऊन मागे उभी. फोटोंत माझा एक हात कायम पाठीवर आहे. त्याच रात्री शिवणकाम करणाऱ्या आमच्या काकूने टेप लावली. छातीखाली ३१, छातीवरून ३६. म्हणजे बँड (छातीखालच्या पट्टीचा नंबर) ३२, तो आणि ३६ यांत फरक ४ इंच, कप डी.

डी ऐकून मीच लाजले, कारण डी म्हणजे काहीतरी अवाढव्य असं डोक्यात बसलेलं. पण नुसत्या अक्षराला अर्थ नाही, बँड बदलला की त्याच अक्षराचा कप लहानमोठा होतो. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांचे कप जवळपास सारखेच, फक्त पट्टीची लांबी वेगळी. म्हणून तर मला ११ वर्षं संशय आला नाही, पुढून सगळं ठीकच दिसायचं. खरा भार पट्टी पेलते, ती सैल असली की सगळं ओझं खांद्यांवर येतं आणि आपण पट्टे आवळत बसतो, मग खांद्यांना खाचा.

छातीखालच्या मापात ४-५ इंच मिळवून बँड काढायची एक जुनी पद्धत आहे, तिच्यातूनच मी ३६ झाले असणार. मी काही मिळवत नाही. श्वास सोडून छातीखाली टेप घट्ट, विषम आकडा आला तर पुढचा सम, मग छातीवरून सैल टेप. बँड आणि या मापात १ इंच फरक ए, २ बी, ३ सी, ४ डी. हा झाला अंदाज, शेवटी घालूनच बघायचं. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन इलॅस्टिक ढिलं पडतं तेव्हा आतले हुक लागतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात घट्ट हुकावर पोचणाऱ्यांनी चार महिन्यांनी माझ्याकडे रडायला येऊ नये. आणि घालताना पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घ्या, मग आरशात बघा. कप छोटा आहे हे बऱ्याच जणींना इथेच कळतं.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात माप घेऊ नका, तेव्हा अंग जड असतं. एक बाजू थोडी मोठी असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मोठ्या बाजूच्या मापाने घ्या. ब्लाउजचं माप द्यायला जाताना जी ब्रा आत घालणार तीच घालून जा, नाहीतर टक्स भलतीकडे आले म्हणून टेलरशी भांडाल. आणि बाई, ब्रा टॉवेलखाली लपवून वाळवू नका, पावसाळ्यात ती वाळतच नाही, दमट घालता आणि मग खाज येते म्हणून पावडर शोधता.

केसांचंही तेच, ‘तिला सूट झालं’ हे तिच्यापुरतं. एका रीलवर विश्वास ठेवून शाम्पू, कंडिशनर, सिरम, जेल सगळं एकदम आणणाऱ्यांची मला कीव येते, बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार कसं? मीही केलंय हे. नव्या सोसायटीत राहायला गेले आणि महिन्याभरात केसांचा झाडू झाला. चार बाटल्या आणल्या, पैसे गेले, केस तसेच. मग एक दिवस बादली घासताना आतला पांढरा थर निघेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बोअरवेलचं पाणी! त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवरही बसतंच की. आता महिन्यातून दोनदा ईडीटीए (हे क्षार सोडवणारं रसायन) असलेला, क्षारांच्या पाण्यासाठीचा शाम्पू आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे, बस्स.

कोंडा असताना डोक्यावर तेल थापू नका, ज्या बुरशीमुळे कोंडा होतो तिला तेल आवडतं. दही-लिंबाने टाळू चुरचुरते, तो इलाज नाही. कुरळ्या केसांवर कोरडा कंगवा फिरवून ‘फुगतात गं’ म्हणू नका, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत रुंद दातांचा फिरवा. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात आपोआप सावरतात, पण श्रेय मिळतं तेव्हा चालू असलेल्या तेलाला. टाळूवर चट्टे दिसत असतील तर मात्र सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे.

मी एका वेळी एकच बाटली बदलते आणि सहा-सात वेळा केस धुऊन झाल्याशिवाय मत देत नाही. मैत्रिणी वैतागतात, ‘दोन धुण्यांत कळत नाही का?’ नाही कळत. त्या चार बाटल्यांपैकी एक कंडिशनर अजून संपायचंय, त्याने मी लोकरीचे स्वेटर खळबळून काढते, छान मऊ राहतात.