तीर्थनच्या काठी शरद: फ्लाय-फिशिंग शिकायला आणि शिकवायला येणाऱ्यांसाठी

गणपती विसर्जन झालं की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. कुणी पुण्याचा, कुणी नाशिकचा, एखादी ठाण्याची मुलगी. नोकरी सोडलेली असते किंवा सोडायची असते, आणि हिमाचलात फिशिंग गाइडचं काम शिकायचं असतं. ‘मे महिन्यात येऊ का?’ हा ठरलेला प्रश्न. मी म्हणतो, मे विसरा, नवरात्राच्या आसपास या.

मी सीझनला कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात, गुशैणी गावाजवळ एका होमस्टेवर असतो. पाहुण्यांना ट्राउटच्या, म्हणजे थंड पाण्यातल्या एका माशाच्या, मासेमारीला नेणं हे माझं काम. मे-जूनमध्ये इथे गर्दी असते, डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी चढलेलं आणि फेसाळ असतं, आणि कुणालाच शिकवायला सवड नसते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने नदी गढूळ होते. हिमाचलातून पाऊस साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मागे फिरतो. पुढच्या आठ-दहा दिवसांत पाणी उतरत जातं, आणि काठावरून तळाचे गोटे दिसायला लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर हीट सुरू असते तेव्हा इथे सकाळी स्वेटर लागतो. स्वच्छ पाण्यात मासा दिसतो, त्याने आपली माशी, म्हणजे पिसं-दोऱ्याने किड्यासारखा सजवलेला गळ, पाहून तोंड फिरवलेलंही दिसतं. चढलेल्या पाण्यात मासा लागला तर का लागला आणि नाही लागला तर का नाही, हे कळायला मार्ग नसतो. शरदात कळतं. शिकणाऱ्याने तेव्हा यावं ते एवढ्याचसाठी.

तीर्थन ही बियासची उपनदी. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या आत उगम पावते, गुशैणी, बंजार करत लारजीला सैंज आणि बियासला मिळते. उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ट्राउट इथला मूळचा नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी आधी काश्मीरात आणि मग १९०९ च्या सुमाराला कुल्लूत ब्राउन ट्राउटची अंडी आणून वाढवली. मूळचा मासा म्हणजे ‘असला’ नावाचा, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प यायचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकऱ्यांनी ते लढून थांबवले. ही नदी आजही धरणाशिवाय वाहते ती त्यामुळे, आणि इथे काम करणाऱ्याने ते नाव ऐकलेलं असावं.

धरण नसल्याचा फायदा मासेमारीपेक्षा जिवाला जास्त. लारजीच्या खाली बियासमध्ये पाणी केव्हा सुटेल त्याचा नेम नसतो. जून २०१४ मध्ये थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. पाहुणे ‘बियासवर मोठे मासे असतील ना’ म्हणून हट्ट करतात. धरणाखाली पात्रात उतरायचं नाही, हे गाइडने ठाम सांगायचं असतं, मग पाहुणा नाराज झाला तरी चालेल.

आता हवामान आणि पाणी. थोडं सविस्तर सांगतो, कारण शिकायचं ते इथेच आहे.

मासेमार म्हटला की पहाटे उठणारा, असा आपला समज. उन्हाळ्यात तो बरोबर असतो. ऑक्टोबरमध्ये मात्र पहाटे नदीवर जाऊन बोटं बधिर करून घेण्यात अर्थ नाही. ट्राउट थंड रक्ताचा, त्याची भूक पाण्याच्या तापमानावर चालते. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस त्याला मानवतं, २० च्या वर तो त्रासतो. ऑक्टोबरच्या मध्याला सकाळी सातला माझा थर्मामीटर ८ च्या आसपास दाखवतो. दरी अरुंद, त्यामुळे ऊन पाण्यावर पोचायलाच साडेनऊ-दहा वाजतात. तापमान अंश-दोन अंश चढलं की किडे हलू लागतात, आणि किड्यांमागे मासे. अकरा ते चार हा खरा वेळ. म्हणून पाहुण्यांना नाश्त्याचे पराठे निवांत खाऊ द्या. थर्मामीटर विकत घ्या, रॉडच्या आधी घ्या. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: १० अंशांच्या पाण्यात २० अंशांपेक्षा जवळपास पाव भाग जास्त. त्यामुळे शरदात मासा फक्त फेसाळ धारेलाच चिकटून राहत नाही, संथ पाण्यातही सापडतो. उन्हाळ्यात शिकलेल्याला हे उलगडायला वेळ लागतो.

पण संथ, स्वच्छ, उथळ पाणी म्हणजे मासाही आपल्याला पाहतो. पाण्याखालून वरचं जग त्याला एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश वाकतो म्हणून ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या शंकूएवढी असते, आणि तिच्या कडेला जमिनीलगतच्या वस्तू चेपून जवळजवळ नाहीशा होतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, वाका. गुडघ्यावर बसा. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालून वर जात मासेमारी करा. ऊन पाठीशी असेल तर आपली सावली आधी पाण्यावर पडते, आणि ऑक्टोबरात सूर्य कलता असल्याने ती लांबलचक पडते. भडक टी-शर्ट घरी ठेवा. गावातले एक चाचा मला दर वर्षी नवीन पोरगं घेऊन येताना बघतात आणि त्याला एकच सांगतात, ‘पहले बैठ, फिर देख.’ त्यांच्या हाती तीस वर्षांपूर्वीचा बांबूचा दांडका असतो, आणि आमच्या महागड्या सामानापेक्षा त्यांना मासे जास्त लागतात.

पाणी वाचणं म्हणजे काय, तर मासा कुठे कमी श्रमात जास्त खाईल हे ओळखणं. मोठ्या दगडाच्या मागची शांत जागा, दगडाच्या पुढची छोटी उशीसारखी जागा, वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं तो पट्टा. रेघेवर फेसाचे ठिपके वाहत असतात, तिथूनच किडेही वाहतात. आपली माशी त्या फेसाच्या वेगानेच गेली पाहिजे. दोरी मधल्या वेगवान धारेत पडली की ती फुगते, माशीला ओढते, आणि नैसर्गिक वाहणाऱ्या किड्यांमध्ये एकटी माशी पळताना दिसते. मासा फसत नाही. दोरी पडल्या पडल्या रॉडचं टोक फिरवून तो फुगवटा वरच्या बाजूला टाकायचा असतो, याला मेंडिंग म्हणतात. लांब फेकणारे पुष्कळ दिसतात, पण मासा मेंडिंग करणाऱ्याला लागतो. तीर्थनवर वीस-पंचवीस फुटांच्या पुढे टाकायची वेळ क्वचित येते.

कोणती माशी, हे दुकानात विचारू नका, दगडाला विचारा. उथळातला तळहाताएवढा गोटा उचलून उलटा. तीन शेपट्या, पोटाच्या बाजूने फडफडणारे कल्ले असलेला किडा म्हणजे मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्यांचा, जाड पायांचा तो स्टोनफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेलं छोटं नळकांडं दिसलं तर आत कॅडिस आहे. गोटा पुन्हा तसाच, होता त्या जागी ठेवा. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून नवख्याच्या डबीत निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या पिल्लांसारख्या बुडणाऱ्या माश्या, जास्त हव्यात: फेझंट टेल, हेअर्स इअर, १४ ते १८ नंबरच्या. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात ठेवा. वर तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस पुरतात. सप्टेंबरअखेर गावातल्या बाया हिवाळ्याच्या चाऱ्यासाठी उतारावरचं गवत कापत असतात. तेव्हा नाकतोडे उडून पाण्यात पडतात, आणि काठालगत नाकतोड्याची जाडजूड माशी टाकली की संथ दिसणारा डोहही दचकतो. ढगाळ, गारठलेल्या दुपारी मात्र बारीक राखाडी-हिरवट मेफ्लाय उडतात. त्या दिवशी १८ नंबरहूनही बारीक गळ लागतो आणि डोळ्यांची परीक्षा असते. पानगळ सुरू झाली की अक्रोड आणि कोश (आल्डर) या झाडांची पानं वाहून येतात आणि दर तिसऱ्या फेकीला गळाला पानच लागतं. वैतागायचं नाही, काढायचं आणि पुन्हा टाकायचं.

सामानाचं थोडक्यात: पाच वेटचा (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक) नऊ फुटी रॉड, तरंगणारी दोरी, तिच्यापुढे नऊ फुटी लीडर, म्हणजे निमुळता पारदर्शक धागा, आणि शेवटाला माशी बांधायला ५एक्स जाडीचा बारीक धागा, म्हणजे टिपेट. स्वच्छ पाण्यात लीडर बारा फुटांपर्यंत वाढवा. पोलराइज्ड चष्मा हवाच, नाहीतर पाण्यावरची चकाकी सोडून काही दिसत नाही. बुटांच्या तळाची काळजी घ्या. पावसात घासून निघालेले गोटे सुरुवातीला बरे असतात, पण पाणी उतरून ऊन लागलं की त्यांच्यावर बारीक शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. गुडघ्याच्या वर पाण्यात शिरायची तीर्थनवर गरज नाही.

फेकण्याचा सराव मात्र घरून करून या. पुण्यात एखादं मोकळं मैदान, सकाळची वेळ, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा. लोक विचारतील काय चाललंय, सांगून टाका. रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उडवता पाण्यावरून पुढे लोळवत टाकणं, नक्की शिका, कारण इथे मागे झाडं असतात आणि नेहमीच्या फेकीला जागा मिळत नाही. गवतावर रोल कास्ट नीट जमत नाही, त्याला पाण्याचं घर्षण लागतं. एखाद्या तलावावर परवानगी घेऊन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिमाचलात ट्राउटच्या नद्यांत १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. कारण ब्राउन ट्राउट याच थंडीत अंडी घालतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, अंगावरचा सोनेरी रंग गडद होतो, आणि तो चिडका बनतो. जवळून गेलेल्या स्ट्रीमरवर, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या माशीवर, भुकेने नाही, रागाने झेपावतो. त्यामुळे शेवटचे दोन आठवडे मोठे मासे लागतात आणि पाहुण्यांचे फोन वाढतात. इथे गाइडची खरी कसोटी. उथळात, वाहत्या पाण्याखाली वाळू-खडी झटकून स्वच्छ केलेला, आजूबाजूपेक्षा उजळ दिसणारा पट्टा दिसला तर ती अंडी घालायची जागा असते. तिथे गळ टाकायचा नाही आणि पाऊलही टाकायचं नाही, कारण खडीतली अंडी बुटाखाली चिरडतात. कायदा १ नोव्हेंबरला सुरू होतो, पण मासा कॅलेंडर बघत नाही. मी २५ ऑक्टोबरनंतर अशा पट्ट्यांच्या आसपासचे डोह सोडून देतो आणि पाहुण्याला वेगवान धारेत रेनबो या दुसऱ्या जातीच्या ट्राउटच्या मागे नेतो. रेनबो हिवाळ्याच्या शेवटाला अंडी घालतो, त्यामुळे तेव्हा तो मोकळा असतो.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि बुरशी धरते. फोटो पाण्यावरच काढा. मत्स्यविभागाचा परवाना काढल्याशिवाय रॉड जोडायचासुद्धा नाही, आणि किती मासे, किती लांबीचे ठेवता येतात ते परवान्याबरोबरच विचारून घ्या. गुशैणीहून वर गेलं की रोलाच्या फाटकापासून उद्यानाची हद्द लागते, त्याच्या आत मासेमारी नाही.

दसऱ्याचा विचार करून तारखा ठरवा. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. बंजार खोऱ्यातले देव, शृंगा ऋषींसह, पालख्यांतून ढालपूर मैदानावर जातात, आणि त्यांच्याबरोबर निम्मं गाव. तेव्हा होमस्टेवर माणसं कमी असतात, रस्त्यावर कोंडी होते, पण नदी अगदी रिकामी मिळते. नवख्याला हा आठवडा फार चांगला. मीही पहिली दोन वर्षं याच दिवसांत सगळ्यात जास्त शिकलो.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगतो. नुसत्या मासेमारीवर वर्ष निघत नाही. मार्च ते जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर, एवढाच सीझन. पैसे दिवसावर मिळतात आणि पाऊस उशिरा थांबला तर दिवस जातात. बाकीचे महिने ट्रेकचं काम करावं लागतं, त्यासाठी मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा बेसिक कोर्स आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं बरं. हिंदी हवी, आणि हळूहळू थोडी कुळवी कानावर पडू द्या. पहिलं वर्ष स्थानिक माणसाच्या हाताखाली काढा, स्वतःचं बुकिंग घेऊ नका. नदी त्यांची आहे, आपण बाहेरचे. रॉड हातात न घेता पाहुण्याच्या बाजूला बसून नुसतं पाणी दाखवायचं, हे जमलं की दुसऱ्या वर्षी लोक स्वतःहून बोलावतात.

यायचं कसं: दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस घ्या आणि औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरा, बोगद्यातून पुढे गेलात तर चुकलात. तिथून लारजीमार्गे बंजारची बस किंवा जीप मिळते, बंजारहून गुशैणीची. पावसात दरड कोसळून हा रस्ता बंद पडतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी होमस्टेवर फोन करून विचारा, आणि परतीचं रेल्वे तिकीट एक दिवस राखून काढा.